भिंतीतला ठोका आणि पहाटेचा भोंगा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: "दुमजली घर आहे. गेल्या दिवाळीत बाथरूम नवीन केलं, पाइप भिंतीत घेतले आणि टेरेसवर प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून वॉशिंग मशीन लावलं की मध्येच भिंतीत 'धाड्' असा ठोका बसतो. पहाटे नळाला पाणी आलं की अर्ध्या-पाऊण तासाने घरभर भोंग्यासारखा आवाज घुमतो. मोटर बंद केल्यावरही एक दणका येतो. एक प्लंबर म्हणतो पाइपात हवा भरलीय, दुसरा म्हणतो फरशी फोडून सगळी लाईन बदला. सासूबाईंची झोप उडालीय, भिंत फुटेल अशी त्यांना भीती वाटते. काय करावं?"

ताई, तुमच्या घरात एक आवाज नाहीये, तीन आहेत, आणि तिघांची कारणं वेगवेगळी आहेत. दोन्ही प्लंबर तिन्हींना एकच औषध द्यायला निघालेत, म्हणून तुमचा गोंधळ झालाय. फरशी फोडायला तूर्तास कुणालाही हो म्हणू नका. घर न बघता मी सगळं छातीठोक सांगू शकणार नाही. लाईन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) आहे की सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची), आतले पाइप गवंड्याने नीट दाबून घेतलेत की नाही, पंप किती दाब देतो, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही एक काम फार चांगलं केलंत. प्रत्येक आवाज कधी येतो ते लिहिलंत. निदानाचं अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं.

हे मी शिकलो त्याची गोष्ट सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीतून खडखड यायची. भिंतीला कान लावला तर आवाज अगदी ओट्यामागे. मी ओट्यामागची भिंत दोन फूट फोडली. पाइप जागच्या जागी, घट्ट. मग टेरेसवर गेलो. टाकीखालच्या जुन्या गेट व्हॉल्व्हमधली चकती दांड्यावरून सुटली होती आणि पाणी वाहायला लागलं की आतल्या आत आपटत होती. तो आवाज लोखंडी पाइपातून वीस-पंचवीस फूट खाली उतरून ओट्यामागे, जिथे पाइप भिंतीला टेकत होता तिथे, बाहेर पडत होता. त्या घरच्या आजींनी एक शब्द न बोलता भिंतीचा खर्च सोसला. ते मला आजही खटकतं. पाइप आणि पाणी दोन्ही आवाज लांबवर नेतात, त्यामुळे जागेच्या बाबतीत कान फसतो. वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही. म्हणून आता मी कुठल्याही घरी गेलो की पहिला प्रश्न 'कुठून येतो' असा विचारत नाही, 'काय चालू केल्यावर येतो, काय बंद केल्यावर थांबतो' असं विचारतो.

आता पहिला आवाज, मशीनचा ठोका. याला आम्ही हॅमर म्हणतो. मशीनच्या आत पाणी घेणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी पुरेसं झालं की तो टप्पकन मिटतो. तुमच्या हातातला जुना पितळी नळ तीन-चार आटे फिरवून बंद होतो, त्यामुळे पाण्याला थांबायला वेळ मिळतो. या व्हॉल्व्हपाशी तो मिळत नाही. मागून वेगात येणारं पाणी समोर दार बंद दिसलं की आपटतं आणि दाबाची लाट पाइपात मागे-पुढे धावते. ही लाट किती मोठी होते याचा हिशेब 1898 मध्ये झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून मांडला. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी लोखंडी पाइपात अगदी क्षणात अडवलं तर दाब जवळपास 14 किलोने (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 14 किलोने) उसळतो. सीपीव्हीसी थोडा लवचिक असल्याने त्यात तो पाचेक किलोने उसळतो. घरातले व्हॉल्व्ह तितक्या क्षणात मिटत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी असतो. तरीपण तुलना करून बघा: टाकी नळापासून सहा मीटर उंच असेल तर नळाशी दाब असतो फक्त 0.6 किलो.

पाण्याचा वेगही काढून बघा, घरबसल्या जमतं. पंधरा लिटरची बादली घ्या, नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. अर्धा इंची पाइपातून बादली 45 सेकंदात भरली तर पाणी सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगाने पळतंय. आवाजाच्या दृष्टीने हा वेग जास्त आहे. दिवाळीआधी पंप नव्हता तेव्हा हीच बादली भरायला बहुतेक दीड-दोन मिनिटं लागत असतील. मशीन तेच, व्हॉल्व्ह तोच, पण वेग वाढला आणि ठोका सुरू झाला. म्हणून माझा पहिला संशय प्रेशर पंपावर आहे. पाइपात भरलेल्या हवेवर नाही. हवा असती तर नळ फुरफुरला असता, पाणी थुंकल्यासारखं आलं असतं. असा नुसता ठोका बसला नसता.

खात्री अशी करा. पंपाला बायपास (पंप टाळून पाणी सरळ खाली सोडणारी वाट) ठेवला असेल तर पंपाचा स्विच बंद करून, बायपास उघडून, नुसत्या टाकीच्या पाण्यावर मशीन लावा. ठोका गेला तर प्रश्न वेगाचा. बायपास नसेल तर मशीनमागचा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) अर्ध्याहून जास्त बंद करून एक धुणं काढा. मशीन भरायला दोन-तीन मिनिटं जास्त घेईल. तेवढ्यावर ठोका मऊ झाला तर उपाय तुमच्या हातातच सापडला, खर्च शून्य. फार बंद केलात तर काही मशीन पाणी कमी येतंय म्हणून तक्रार दाखवून थांबतात. तसं झालं तर पाव आटा परत उघडा.

एवढ्याने भागलं नाही तर पंपाकडे वळा. बऱ्याच जणांचा पंप गरजेपेक्षा जास्त दाबावर लावलेला असतो, कारण बसवणाऱ्याला शॉवर जोरात दाखवायचा असतो. दुमजली घराला दीड-पावणेदोन किलो खूप झाले. पंपाला प्रेशर स्विच असेल तर तो कमी करता येतो. एक गेज बसवून घ्या, त्याशिवाय स्विचला हात लावू देऊ नका. पंपासोबत छोटी प्रेशर टाकी असेल तर ती तपासायला सोपी आहे आणि नव्वद टक्के लोक ती कधीच तपासत नाहीत. पंपाची वीज एमसीबीवरून बंद करा, खालचा एक नळ उघडून दाब पूर्ण उतरवा, मग टाकीवरच्या हवेच्या व्हॉल्व्हचं टोपण काढा. स्कूटरच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. आतली पिन नखाने क्षणभर दाबा. फुस्स करून हवा आली तर ठीक. पाण्याचा थेंब आला तर आतलं रबर फाटलंय, मग ती टाकी नुसता डबा म्हणून उभी आहे. हवा असेल तर चाकाच्या गेजने मोजा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्यापेक्षा साधारण 0.2 किलो कमी हवा असायला हवी. ही टाकी बरोबर असली की पंप सारखा चालू-बंद होत नाही आणि लाटेलाही थोडी गादी मिळते.

शेवटचा उपाय म्हणजे मशीनच्या अँगल कॉकपाशीच हॅमर अरेस्टर, म्हणजे ठोका शोषून घेणारी छोटी नळी, लावणं. बाहेरूनच आट्यावर बसतो, फरशीला धक्का नाही. तो व्हॉल्व्हच्या जितका जवळ तितका उपयोगी. टेरेसवर लावून फार काही साधत नाही. आपल्याकडे काही प्लंबर त्याऐवजी टी मारून फूटभर उभा पाइप वरून बंद करून ठेवतात, आत हवा राहील म्हणून. मीही सुरुवातीला तेच करायचो. पहिले काही महिने छान चालतं, मग आतली हवा हळूहळू पाण्यात विरते, पाइप पाण्याने भरतो आणि ठोका परत येतो. लोकांना वाटतं काहीतरी नवीन बिघडलं. तसा पाइप असेल तर वर्षातून दोनदा लाईन रिकामी करून त्यात हवा भरून घ्यावी लागते. पिस्टनवाला अरेस्टर घेतलात तर ती कटकट नाही.

सासूबाईंना सांगा, या ठोक्याने भिंत फुटत नाही. पण चालू द्यावा असाही तो नाही. रोज दहा-वीस हिसके बसत राहिले की सीपीव्हीसीच्या जोडात, विशेषतः जिथे पितळी आटा प्लॅस्टिकला धरतो तिथे, वर्ष-दोन वर्षांत पाझर सुरू होतो. मग फरशी खरोखरच फोडावी लागते. म्हणून हे या महिन्यात उरका.

दुसरा आवाज, मोटर बंद केल्यावरचा दणका. हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद झाली की उभ्या पाइपातलं पाणी क्षणभर वर जातं, थांबतं आणि खाली यायला लागतं. खाली एनआरव्ही असतो, पाणी परत येऊ न देणारा. झुलत्या पाळीचा, म्हणजे झडपेचा, असेल तर पाणी उलटं वाहायला लागल्यावर पाळी जोरात आपटते. तोच दणका. तो स्विच बंद केल्यापासून साधारण सेकंदभरात येतो. तुमचाही तसाच येत असेल तर झुलता एनआरव्ही काढून स्प्रिंगचा लावा. स्प्रिंग पाळीला पाणी उलटायच्या आधीच मिटवते, म्हणून आपटायला वाव राहत नाही. त्याच वेळी उभ्या पाइपाचे क्लॅम्प बघा. भिंतीवरून जाणारा पाइप हाताने हलतोय का? हलत असेल तर दर मीटर-सव्वा मीटरला रबर लावून क्लॅम्प मारा. नुसता लोखंडी क्लॅम्प आवळला तर आवाज सरळ भिंतीत जातो. आणि मोटर चालू असतानाच आत खडे घुसळल्यासारखा आवाज येत असेल, तर तो वेगळा रोग: फुटव्हॉल्व्हची (हौदात बुडालेल्या पाइपाच्या तळाच्या व्हॉल्व्हची) जाळी तुंबलीय किंवा हौदात पाणी कमी आहे. तशी मोटर चालवू नका, आतला पाणी ढकलणारा पंखा खराब होतो.

आता पहाटेचा भोंगा. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कोल्हापुरात मला सगळ्यात जास्त फोन याच आवाजासाठी येतात आणि सगळ्यात जास्त खोटी कामं याच्याच नावाखाली होतात.

चावीवाला चावी सोडतो, लाईनमध्ये आधी साठलेली हवा पळते, मग पाणी येतं. सुरुवातीची पाच मिनिटं सूं-सूं, फुर्र असा आवाज सगळीकडे होतो, तो हवेचा. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, मधल्या वेळेत लाईन रिकामी होते, त्यामुळे हे रोजचंच. त्याला इलाज करायची गरज नाही. पण तुमचा भोंगा सुरू होतो अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे हौद भरत आल्यावर. हौदातला बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने (फ्लोटने) मिटणारा नळ, मिटायला आलेला असतो. पडणाऱ्या पाण्याने लाटा उठतात, फ्लोट त्यांच्यावर नाचतो. फ्लोट वर गेला की कॉक मिटतो, खाली आला की उघडतो, सेकंदाला कित्येक वेळा. त्यात कॉकमधला वायसर (रबरी चकती) झिजलेला असेल तर तो स्वतःच थरथरतो. ही थरथर पाइपात शिरते आणि घरभर हूंऽऽ करून घुमते. शेजाऱ्यांनाही ऐकू जाते, आणि ते बिचारे स्वतःच्या घरी प्लंबर बोलावतात.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली आणि शहराचं पाणी कित्येक दिवस बंद राहिलं. पाणी परत सुरू झाल्यावर मला आठवड्याभरात या भोंग्यासाठी इतके फोन आले की मोजणं सोडून दिलं. जवळपास प्रत्येक ठिकाणी बॉल कॉक उघडला की वायसरमध्ये बारीक रेती रुतलेली. वायसर बदलला, बसण्याची जागा पुसली, काम झालं. तुमच्या हौदाचा बॉल कॉक शेवटचा कधी उघडला होता ते आठवून बघा. बहुतेक घरांत नवरात्राच्या साफसफाईत हौद घासतात, पण बॉल कॉक तसाच लोंबकळत राहतो.

तपासणी साधी आहे. उद्या पहाटे भोंगा सुरू झाला की हौदाचं झाकण उघडा. कोणीतरी जवळ उभं असू द्या, मोटरचा एमसीबी पाडून ठेवा आणि हात पोचत असेल तरच हे करा. फ्लोट तळव्यात घेऊन हलकेच स्थिर धरा. आवाज तत्क्षणी थांबला तर चोर सापडला. सोडलात की परत सुरू होईल. हौद खोल असेल, हात पोचत नसेल, तर मीटरपाशी असलेला गेट व्हॉल्व्ह हळूहळू फिरवा. पाणी कमी होताच सूर बदलला किंवा बंद पडला तरी तोच निष्कर्ष. आणखी एक युक्ती: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. हौदाकडच्या पाइपाला आणि मग वरच्या पाइपाला, असं दोन्हीकडे ऐका. थरथर कुठे जाड आहे ते कळतं. एका जागी ऐकून मात्र ठरवू नका, माझ्या ओट्यामागच्या भिंतीसारखं होईल.

उपाय या क्रमाने करा. वायसर बदला, कॉक फार जुना असेल तर अख्खा बदला, जड पितळी दांड्याचा आणि मोठ्या फ्लोटचा घ्या. मोठा फ्लोट छोट्या लाटांना दाद देत नाही. मीटरनंतरचा गेट व्हॉल्व्ह थोडा आवळा, हौद दहा मिनिटं उशिरा भरेल, काही बिघडत नाही. पाणी फ्लोटच्या अंगावर पडत असेल तर कॉकच्या तोंडाला एल्बो लावून धार हौदाच्या भिंतीकडे वळवा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. काही जण लाटा उठू नयेत म्हणून कॉकच्या तोंडाला पाइप जोडून तो थेट हौदाच्या पाण्यात बुडवतात. आवाज कमी होतो हे खरं. पण पाणी गेल्यावर रस्त्यातली लाईन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि बुडालेल्या पाइपातून तुमच्या हौदातलं पाणी उलटं सार्वजनिक लाईनमध्ये ओढलं जाऊ शकतं. तुमचा हौद स्वच्छ असेलही, गल्लीतल्या सगळ्यांचा असतोच असं नाही. उद्या तेच पाणी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं. म्हणून कॉकचं तोंड पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा वर, उघडंच राहिलं पाहिजे. तसंच, नळाच्या लाईनला थेट मोटर जोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते नियमाविरुद्ध आहे, आणि त्या ओढीने गळक्या जोडांतून गटाराचं पाणीही आत येतं.

पाइपातल्या हवेबद्दल पहिल्या प्लंबरने म्हटलंय त्यालाही थोडा न्याय देतो. टेरेसवर टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक लाईनला एक एअर व्हेंट, म्हणजे टाकीच्या वरपर्यंत उभा केलेला उघडा पाइप, असावा लागतो. नवीन काम करताना तो राहून जातो किंवा कचरा जाऊ नये म्हणून कोणी त्याला टोपी मारतं. 2023 च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नास किलोमीटरहून लांबून शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रात आलं. अशा लाईनवर उंचवट्याला हवा सोडायचे व्हॉल्व्ह ठेवावेच लागतात, नाहीतर हवा पाणी अडवते. घरातही तोच नियम. पण एक लक्षात घ्या: प्रेशर पंप बसवला की पंपानंतरच्या लाईनला उघडा व्हेंट चालत नाही, पाणी टेरेसवर उसळेल. व्हेंट पंपाच्या आधीच्या बाजूला हवा. शॉवर किंवा गरम पाण्याचा नळ थुंकत असेल तरच याच्या मागे लागा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण राजारामपुरीत बऱ्याच घरांवर सोलर आहे म्हणून सांगतो. गरम पाणी सोडल्यावर भिंतीत टिक-टिक येत असेल तर तो पाइप तापून लांबतोय. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप चाळीस अंशांनी तापला की सात मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि सिमेंटला घासत सरकतो. त्यात धोका नाही. मोरीतून गुडगुड आणि मागोमाग वास येत असेल तर तो सांडपाण्याच्या लाईनचा विषय, ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी ओढलं जातंय, त्याचा या तिन्हींशी संबंध नाही.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी अँगल कॉक अर्ध्याहून जास्त बंद करून एक धुणं काढा. उद्या पहाटे हौदाचं झाकण उघडा. मोटर बंद करताना मनात 'एक' म्हणा आणि दणका त्याच्या आत येतो का ते बघा. मग मला चार गोष्टी लिहा: बादली किती सेकंदात भरली, फ्लोट धरल्यावर काय झालं, एनआरव्ही कुठल्या जातीचा आहे (फोटो पुरेल), आणि प्रेशर टाकीच्या पिनमधून हवा आली की पाणी. तोवर गवंड्याला बोलावू नका.